प्याद्याची बढती आणि तिचे शेजारी

मित्रहो, बुद्धिबळ शिकवताना बढतीचा नियम बहुधा सगळ्यात शेवटी आणि घाईघाईत सांगितला जातो. 'प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की त्याचा वजीर होतो,' एवढं सांगून आपण मोकळे होतो, आणि बहुतेक डावांत तेवढ्यावर भागतंही. तरी आज मी या एकाच नियमावर बोलणार आहे, कारण हा नियम फार परावलंबी आहे. स्टेलमेटला, म्हणजे शह नाही पण चालायला कायदेशीर चालही नाही अशा कोंडीला, काय मानायचं, मारलेलं मोहरं कुठे जातं, घड्याळाचं बटण कधी दाबायचं, हे शेजारचे नियम जरा हलवून बघा. बढतीचा अर्थच बदलतो.

आधी नियम नीट वाचू. फिडेची, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाची, नियमावली म्हणते की, प्यादं आपल्या मूळ जागेपासून सगळ्यात दूरच्या रांगेत पोचलं की त्याच चालीचा भाग म्हणून ते काढायचं आणि त्या घरात त्याच रंगाचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा ठेवायचा. आधी कोणती मोहरी मारली गेली आहेत याचं बंधन नाही. नव्या मोहऱ्याची ताकद लगेच लागू. म्हणजे प्यादं पुढे सरकलं त्याच क्षणी शह बसू शकतो, मातही होऊ शकते. शिवाय ही सक्ती आहे, 'माझं प्यादं प्यादंच राहू दे' म्हणायची सोय नाही. आणि बंधन नाही म्हणजे खरोखरच नाही: हिशेबाने एका बाजूला नऊ वजीर होऊ शकतात. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या १९५९च्या कँडिडेट्स स्पर्धेत फिशर आणि पेट्रोस्यान यांच्या डावात पटावर एकाच वेळी चार वजीर होते. एवढं होऊन तो डाव बरोबरीत सुटला.

आज हे सगळं सहज वाटतं, पण यातल्या 'बंधन नाही' आणि 'सक्ती आहे' या दोन्ही गोष्टी सरळपणे ठरलेल्या नाहीत.

सुरुवात शतरंजपासून करू. अरब-इराणी शतरंजमध्ये आजच्या वजिराच्या जागी फरजी असे. तो तिरका चाले, आणि तेही एकच घर. म्हणजे आयुष्यभर एकाच रंगाच्या घरांत अडकलेला. चौसष्टपैकी बत्तीस घरं त्याने कधी बघितलीच नाहीत. प्यादं टोकाला पोचलं की त्याचा हा फरजी व्हायचा, दुसरा पर्याय नव्हता. रहीमच्या नावावरचा एक दोहा आपल्याकडे पुष्कळांना पाठ असतो: प्याद्याचा फरजी झाला की तो वाकडा वाकडा चालायला लागतो. आपण तो माणसाच्या गर्वावरचा म्हणून वाचतो, आणि तो तसा आहेच. पण बुद्धिबळपटूने तो जरा वेगळ्या डोळ्यांनी वाचावा. सरळ चालणारं प्यादं फरजी झाल्यावर तिरकं चालतं, हा शब्दशः नियम आहे. आजचा वजीर डोळ्यांपुढे ठेवला तर ती उपमा लंगडी पडते, कारण हा सरळही जातो.

आता गंमत बघा. फरजी इतका दुबळा असेल तर एक प्यादं जास्त असण्याला काय किंमत राहील? फारशी नाही. एका फरजीच्या जोरावर एकट्या राजाला मात देता येत नाही. म्हणून शतरंजमध्ये जिंकण्याचे दुसरे मार्ग होते. प्रतिस्पर्ध्याची सगळी मोहरी मारून राजा उघडा पाडला तरी जीत, आणि त्याला चालच उरली नाही, म्हणजे आजच्या भाषेत स्टेलमेट झालं, तरी ज्याने कोंडलं त्याची जीत. बढती कमजोर, म्हणून जिंकण्याची व्याख्या सैल. हे दोन नियम एकमेकांना सांभाळून होते.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनच्या बाजूला फरजीच्या जागी आजचा लांब पल्ल्याचा वजीर आला आणि हा तोल एका झटक्यात गेला. बढतीच्या नियमात अक्षरही न बदलता प्याद्याची किंमत कित्येक पटींनी वाढली. टोकाला पोचणारं प्यादं आता डाव संपवू शकत होतं. आजचा सगळा अंत्यडाव, एका प्याद्याच्या आघाडीसाठी चाळीस-पन्नास चाली घासत बसणं, हे त्या बदलाचं अपत्य आहे.

एवढी ताकद लोकांना लगेच पचली नाही. एका राजाला दोन वजीर कसे, हा प्रश्न बरीच वर्षं छळत राहिला. अठराव्या शतकातला सगळ्यात मोठा खेळाडू फिलिडोर. त्याच्या पुस्तकात नियम असा दिला आहे की बढती फक्त आधी मारल्या गेलेल्या मोहऱ्यातच. वजीर अजून पटावर असेल तर दुसरा मिळणार नाही. आणि तुमचं काहीच मारलं गेलं नसेल तर? प्यादं शेवटच्या रांगेत निमूट उभं राहायचं. आपलं एखादं मोहरं मेलं की त्याच क्षणी ते त्याची जागा घ्यायचं. या नियमात एक वेडेपणा लपलेला आहे. तुमचा पांढऱ्या घरांतला उंट शिल्लक आहे, काळ्या घरांतला गेलाय आणि प्यादं नेमकं पांढऱ्या घरात पोचलं. तर एकाच रंगाच्या घरांत दोन उंट. 'दोन वजीर नकोत' म्हणून केलेल्या नियमाने दोन जुळे उंट पदरात टाकले. एकोणिसाव्या शतकात हळूहळू ही अट गळून पडली.

ती पडते न पडते तोच दुसरं टोक गाठलं गेलं. १८६२च्या ब्रिटिश नियमसंहितेने खेळाडूला प्यादं प्यादंच ठेवण्याचीही मुभा दिली. शेवटच्या रांगेत उभं असलेलं, पुढे जायला जागा नसलेलं निर्जीव प्यादं! कोणाला हवं असेल असलं प्यादं? हरणाऱ्याला. वजीर, हत्ती, उंट, घोडा यांपैकी काहीही घेतलं तर चाल उरते आणि मात ओढवते. मेलेलं प्यादं ठेवलं तर चाल उरत नाही, स्टेलमेट होतं, अर्धा गुण वाचतो. १८८९ साली स्टाइनित्झसारखा जगज्जेताही या मुभेच्या बाजूने उभा होता. मला विचाराल तर हा नियम गेला ते बरं झालं. पण त्याच्यामागचा विचार खुळा नव्हता.

आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतीने या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्याच बाजूने दिलं होतं. प्यादं ज्या उभ्या पट्टीवर टोक गाठेल त्या पट्टीचं मोहरं त्याला मिळे. कडेच्या पट्टीवर हत्ती, तिच्या शेजारी घोडा, मग उंट, आणि मधल्या दोन पट्ट्यांवर वजीर. याचे पोटनियम जागोजागी वेगळे. काही ठिकाणी त्या जातीचं मोहरं आधी गेलेलं असल्याशिवाय प्याद्याला पुढे पाऊल टाकता येत नसे. या पद्धतीचे परिणाम खोल आहेत. आजच्या खेळात घोड्याच्या पट्टीवरचं मोकळं प्यादं आणि वजिराच्या पट्टीवरचं मोकळं प्यादं टोकाला पोचल्यावर सारखंच फळ देतं. देशी पद्धतीत पहिल्याचा घोडा होणार, आणि एकट्या घोड्याच्या जोरावर मात देता येत नाही. म्हणजे प्याद्याने मारताना कोणत्या बाजूला मारायचं, हे तिसाव्या चालीच्या हिशेबाने आठव्या चालीला ठरवावं लागतं. सुलतान खान देशी बुद्धिबळावर वाढला, नंतर युरोपीय नियम शिकला आणि १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश विजेता झाला. त्याला केवढ्या सवयी मोडून नव्याने घडवाव्या लागल्या असतील, याची कल्पना या एका नियमावरून येते.

आता मागच्या पटाकडे बघा. ही स्थिती पुष्कळांना माहीत असेल, तरी आज ती आपल्याला वेगळ्या कारणासाठी हवी आहे. घराच्या नावात अक्षर उभ्या पट्टीचं आणि आकडा आडव्या रांगेचा. पांढरा राजा बी६ वर, पांढरं प्यादं सी६ वर. काळा राजा ए१ च्या कोपऱ्यात आणि काळा हत्ती डी५ वर. चाल पांढऱ्याची. ग्लासगोच्या एका वृत्तपत्रात १८९५ साली बार्बिए यांच्या बुद्धिबळ-सदरात ही स्थिती काळ्याने बरोबरी साधायची म्हणून चर्चेत होती. फर्नांडो साव्हेद्रा नावाच्या धर्मगुरूने दाखवलं की पांढरा जिंकतो.

पांढरं प्यादं सी७ वर. हत्तीचा डी६ वरून शह. राजा बी५. पुन्हा शह, डी५ वरून. राजा बी४, शह डी४. राजा बी३, शह डी३. राजा एकेक घर खाली येतोय, सी पट्टीवर पाऊल टाकत नाही, कारण टाकलं तर हत्ती डी१ वर जाऊन पुढच्या चालीला सी१ वरून शह देतो आणि प्यादं खातो. आता मात्र राजा सी२ वर येतो. इथून डी१ हे घर त्याच्याच ताब्यात आहे. शह संपले, प्यादं अडत नाही. वाटतं, खेळ खलास. काळा हत्ती डी४ वर नेतो. आता पांढऱ्याने सी८ ला वजीर केला तर? हत्ती सी४ वर येऊन शह देतो. वजिराने हत्ती मारायचा, आणि मारल्यावर काळ्या राजाकडे बघा. ए२ वर वजिराचा मारा, बी१ आणि बी२ वर राजाचा, ए१ ला शह नाही. स्टेलमेट, बरोबरी.

म्हणून साव्हेद्रा सी८ ला हत्ती घेतो. आता धमकी ए८ वरून मात करण्याची आहे. सी४ चा डाव लागू पडत नाही, कारण हत्तीने हत्ती मारला की ए२ मोकळं राहतं, स्टेलमेट होत नाही. काळ्याला ए४ वर हत्ती आणून ती पट्टी अडवावीच लागते. मग राजा बी३ वर. एकाच चालीत ए४ च्या हत्तीवर मारा आणि सी१ वरून मातेची धमकी. दोन्ही वाचवता येत नाहीत.

इथे जरा थांबू या. हत्ती जे करतो ते सगळं वजीर करतोच. मग हत्ती घेण्याचं कारण एकच असू शकतं: वजीर जास्तीचं काहीतरी करतो आणि ते जास्तीचं नडतं. उंटाचंही तसंच. म्हणजे हत्ती किंवा उंट घेण्याची गरज येते ती जवळपास नेहमीच स्टेलमेटच्या नियमामुळे. शतरंजसारखं, कोंडणाऱ्याची जीत असं धरलं तर साव्हेद्राच्या स्थितीत वजीर घ्या, हत्ती मारा, राजा कोंडा, झालं. सगळं सौंदर्य वाफ होऊन उडून जातं. इंग्लंडमध्ये तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत उलटा नियम चाले, जो कोंडेल तो हरला! तो धरला तर साव्हेद्राच्या स्थितीत वजीर घेणं म्हणजे डाव हातानं घालवणं. हीच स्थिती, हीच प्यादी, बढतीचा नियम तोच, आणि उत्तरं तीन.

घोड्याची गोष्ट निराळी, कारण घोड्याची चाल वजिराकडे नाहीच. त्याचा सगळ्यात झटपट नमुना सातव्या चालीलाच दिसतो. अल्बिन प्रतिगँबिट नावाची डावाची सुरुवात घ्या: पांढरं प्यादं डी४, काळं डी५, पांढरं सी४, काळं इ५. पांढरा इ५ चं प्यादं मारतो, काळा डी४ वर सरकतो. पांढरा इ३ खेळतो, आणि इथेच पाय घसरतो. उंटाचा बी४ वरून शह, पांढरा उंट डी२ वर, काळं प्यादं इ३ ला मारतं. पांढऱ्याने बी४ चा उंट मारला की काळं प्यादं एफ२ वर मारत शह देतं. राजा इ२ वर येतो. काळ्याचं प्यादं जी१ चा घोडा मारतं आणि तिथे काय होतं? वजीर नाही, घोडा, आणि शहासकट. शह नसता तर पांढऱ्याला आपल्या वजिराने काळ्याचा वजीर मारायला वेळ मिळाला असता. आता पांढऱ्या हत्तीने तो घोडा मारला, तर काळा उंट जी४ वरून शह देतो आणि राजाच्या पाठीमागे पांढरा वजीर सापडतो. या सापळ्याला लास्करचं नाव आहे.

तिसरा शेजारी म्हणजे घड्याळ. पाठ्यपुस्तकांत हा सापडत नाही, पण पंचांना याचाच ताप जास्त. नियम सांगतो की नवं मोहरं बढतीच्या घराला टेकलं की निवड पक्की. हातात वजीर धरला होता पण टेकवला नाही, तोवर मन बदलता येतं. उलट प्यादं शेवटच्या रांगेत सरकवून, ते न बदलताच घड्याळाचं बटण दाबलं तर ती बेकायदेशीर चाल. नेहमीच्या लांब डावात पहिल्या चुकीला प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जास्त मिळतात, आणि त्या प्याद्याच्या जागी वजीर ठेवला जातो. वजीरच, तुम्हाला काय हवं होतं ते कोणी विचारत नाही. आता हे साव्हेद्राच्या स्थितीत करून बघा. सी८ ला प्यादं ठेवलं, उत्साहाने बटण दाबलं. पंच येऊन वजीर बसवतात. जिंकलेला डाव गेला बरोबरीत, आणि तोही पंचांच्या हाताने.

हाताशी वजीरच नसेल तर काय करायचं, याचंही उत्तर नियमात आहे: घड्याळ थांबवायचं आणि पंचांना बोलवायचं. घरगुती खेळात आपण सरळ हत्ती उलटा ठेवतो आणि 'हा वजीर' म्हणतो. अमेरिकेच्या संघटनेच्या नियमांत हे चालतंही. फिडेकडे चालत नाही. उलटा असो की सुलटा, हत्ती तो हत्ती. २०१७ च्या कॅनडाच्या राष्ट्रीय स्पर्धेत नोरित्सिन आणि साम्बुएव्ह यांच्यात विजेता ठरवणारा ब्लिट्झ, म्हणजे अगदी थोड्या वेळाचा झटपट, डाव चालू होता. नोरित्सिनला घाईत वजीर दिसला नाही, त्याने उलटा हत्ती टेकवला आणि वजीर समजून खेळायला लागला. पंचांनी डाव थांबवून तो हत्ती ठरवला. मारलेला वजीर त्या वेळी साम्बुएव्हच्या हातात राहिला होता. नोरित्सिन तो डाव हरला, विजेतेपद साम्बुएव्हला मिळालं, आणि त्या निकालावर जगभर चर्चा झाली. आता पुष्कळ स्पर्धांत पटाशेजारी जास्तीचा वजीर आधीच ठेवलेला असतो. पंचांचा निर्णय नियमाला धरून होता असं माझं मत आहे. पण ज्या खेळात बढती होणारच हे माहीत आहे, तिथे पेटीत एकच वजीर द्यायचा, हा प्रकार मला अजूनही समजलेला नाही.

आता भावंडांकडे येऊ. थायलंडच्या मकरुकमध्ये प्यादी तिसऱ्या रांगेत उभी राहतात आणि सहाव्या रांगेतच बढती होते. रस्ता छोटा, पण मिळतो तो शतरंजसारखाच तिरकं एक घर चालणारा दुबळा मंत्री. परंपरेने प्यादी म्हणून कवड्या वापरत. बढती झाली की कवडी उलटी करायची. चिनी शियांगचीत बढतीच नाही. शिपाई पटाच्या मध्यावरची 'नदी' ओलांडतो तेव्हा त्याला आडवं चालण्याचा हक्क मिळतो, आणि शेवटच्या रांगेत पोचला की नुसतं आडवंच चालणं उरतं. तिथे टोकाला जाणं ही बक्षिसाऐवजी जवळजवळ शिक्षाच. तैमूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या पटावरच्या खेळात प्रत्येक मोहऱ्याचं स्वतःचं प्यादं असतं आणि ते त्याच मोहऱ्यात बदलतं. राजाच्या प्याद्याचा राजपुत्र होतो.

जपानी शोगीत मात्र रमावं असं पुष्कळ आहे. तिथे शेवटच्या तीन रांगा म्हणजे बढतीचा प्रदेश. त्यात शिरताना, आत फिरताना किंवा बाहेर पडताना मोहरं उलटं करता येतं. राजा आणि सुवर्ण सेनापती सोडून सगळ्यांनाच बढती आहे. प्याद्याला सुवर्ण सेनापतीची चाल मिळते. त्याला तोकिन म्हणतात. शोगीत मारलेलं मोहरं मारणाऱ्याच्या हातात जातं आणि तो ते आपलं म्हणून पुन्हा पटावर उतरवू शकतो. पण उतरताना ते मूळ रूपात येतं. म्हणून तोकिन भन्नाट मोहरं आहे. पटावर असेपर्यंत सुवर्ण सेनापतीसारखं काम करतं, आणि मेलं तर शत्रूच्या हाती लागतं निव्वळ प्यादं. खऱ्या सेनापतीच्या बदल्यात तोकिन गेला तर फायदा तुमचाच. मारलेल्याचं काय होतं, या शेजारच्या नियमाने इथे बढतीची किंमत ठरवली.

शोगीत बढती बहुधा ऐच्छिक आहे. ती घेतली नाही तर मोहऱ्याला पुढे कधीच चाल उरणार नाही, अशा जागीच ती सक्तीची. प्यादं, हत्ती किंवा उंट उलटा न करण्याचं सहसा काहीच कारण नसतं, कारण हरवण्यासारखं काही नाही. तरी वरच्या दर्जाच्या डावांत आणि कूटप्रश्नांत खेळाडू कधीकधी मुद्दाम बढती घेत नाही. का? हातातलं प्यादं उतरवून थेट मात करायला शोगीत मनाई आहे. मोहरं फार बलवान झालं तर प्यादं उतरवताच मात होते आणि चाल बाद ठरते. दुबळं राहिलं तर राजाला निसटायला एक घर राहतं, चाल कायदेशीर होते आणि मात पुढच्या चालींत साधते. साव्हेद्राने हत्ती का घेतला, ते आठवा. दोन वेगळे खेळ, नियम वेगळे, आणि जास्त ताकद नडण्याचं कारण दोन्हीकडे शेजारच्या नियमात.

हल्लीच्या प्रकारांत क्रेझीहाउसने शोगीचंच तत्त्व उचललं आहे. बढतीतून आलेला वजीर मारला की हाती प्यादं येतं. अणुबुद्धिबळात काही मारलं की त्या घरावर स्फोट होतो; प्यादं शेवटच्या रांगेत काही मारत शिरलं तर नवं मोहरंही त्या स्फोटातच उडतं. हरणारा जिंकतो त्या उलट्या बुद्धिबळात प्याद्याचा राजाही करता येतो, कारण तिथे राजाला काही विशेष मान नाही. ख्रिश्चन फ्रीलिंगने १९८४ साली मांडलेल्या दहा बाय दहाच्या ग्रँड चेसमध्ये फिलिडोर परत आला आहे: बढती फक्त मारल्या गेलेल्या मोहऱ्यांत, आठव्या-नवव्या रांगेत ऐच्छिक, दहाव्यात सक्तीची. मारलेलं मोहरंच नसेल तर प्यादं दहाव्या रांगेत जाऊ शकत नाही, पण तिथे असलेल्या राजाला शह मात्र देऊ शकतं. फिलिडोरपेक्षा हे मला जास्त नीटस वाटतं, टोकाला ताटकळत उभं राहायची वेळ येत नाही.

संगणकावर खेळणाऱ्यांसाठी एक सूचना. प्यादं पोचलं की आपोआप वजीर करण्याची सोय बऱ्याच संकेतस्थळांवर असते. घाईच्या डावात ती उपयोगी आहे, पण जिंकलेल्या अंत्यडावात तिने घात केल्याची उदाहरणं कमी नाहीत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही हा नियम छळतो. सातव्या रांगेतलं एकच प्यादं सरळ जाऊ शकत असेल आणि दोन्ही बाजूंना मारूही शकत असेल, तर त्याच्या बारा वेगवेगळ्या चाली मोजाव्या लागतात. नवशिक्या प्रोग्रॅमरच्या यादीत त्यांपैकी तीनच असतात.

आणि एक गंमत सांगून थांबतो. किल्लेकोट म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं; त्यासाठी अट अशी की राजा आणि तो हत्ती आधी हललेले नसावेत. आता राजा इ१ वरून हललेला नाही, आणि इ८ ला प्याद्याचा नुकताच हत्ती झाला. हा हत्ती जन्मल्यापासून हललेलाच नाही! मधली घरं मोकळी असतील तर उभा किल्लेकोट करून राजा इ३ वर, हत्ती इ२ वर का नेऊ नये? टिम क्राबे या डच लेखकाने १९७२ साली हीच कल्पना एका कूटप्रश्नात खेळवली. प्रश्न झकास आहे, उत्तर बेकायदेशीर: आजच्या नियमावलीत राजा आणि हत्ती एकाच आडव्या रांगेत असले पाहिजेत असं साफ लिहिलं आहे.